एम्शरच्या काठावर उभे राहा

आज तुम्हाला चालायचं नाही. एकाच जागी उभं राहायचं आहे, पुढे सरकणार आहे तो काळ. जागा जर्मनीच्या पश्चिमेची, रूर खोऱ्याच्या उत्तर अंगाची. गेल्सेनकिर्शेन शहरातल्या होर्स्ट भागाजवळचा एम्शर नदीचा काठ. साल 1830.

शहर वगैरे काही दिसत नाही. पायाखाली चिखल आहे आणि समोरचं पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते पटकन कळतही नाही. एम्शर ही लहान नदी. डॉर्टमुंडच्या पूर्वेला होल्झविकेडे इथे उगम पावून ती पश्चिमेला ऱ्हाइनकडे जाते, पण वाटेत उतार इतका कमी की ती वळणावर वळणं घेत दलदलीत पसरून जाते. काठाला वाळुंजाची झाडं, मध्येच गवताचे पट्टे, आणि त्यांतून फिरणारे रानटी घोडे. एम्शरच्या दलदलीतले हे बुटके, काटक घोडे पकडून जवळच्या क्रांगेच्या बाजारात विकले जातात. गावं उंचवट्यांवर बसलेली, कारण पूर नेहमीचा. हिवतापही नेहमीचा. ही भूमी स्वर्गासारखी होती असं मी सांगणार नाही. पण इथलं पाणी जिवंत होतं, माशांनी भरलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

तुमच्या तळव्यांखाली काही शे मीटरवर दगडी कोळशाचे थर आहेत. दक्षिणेला, रूर नदीच्या काठावर ते जमिनीच्या वर डोकावतात आणि तिथले शेतकरी शतकानुशतकं ते खणत आले आहेत. उत्तरेकडे मात्र ते खोल खोल जातात आणि त्यांच्यावर चुनखडीमिश्रित मातीचा जाड, पाणी भरलेला थर आहे. 1830 च्या दशकात फ्रान्झ हानिएल नावाच्या उद्योजकाने हा थर भेदून दाखवला. पाणी उपसायला वाफेचं इंजिन होतंच. उत्तरेची वाट उघडली.

आता काळ भराभर सरकू द्या. 1855 च्या सुमारास तुमच्या पाठीमागे एक विहीर खणायला घेतली जाते. रूर प्रदेशातली तेव्हाची सगळ्यात उत्तरेची खाण, म्हणून नाव नॉर्डस्टर्न, म्हणजे ध्रुवतारा. मग रूळ येतात, कोक भट्ट्या येतात, पूर्व प्रशियातून आणि पोलिश मुलखातून कामगारांचे लोंढे येतात. चाळीवजा विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहतात. घोडे कुठे गेले ते तुमच्या लक्षातही येत नाही.

1895. इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं इथून ठरतं.

पायाखालची जमीन खचते आहे. धाडकन नाही, एका वर्षात काही बोटं, दहा वर्षांत कमरेएवढी. खाली कोळसा काढून घेतला की वरचं छत बसतं, त्याच्यावरचा दगड बसतो, आणि शेवटी ज्या जमिनीवर शाळा आणि चर्च आहे तीही बसते. रूरच्या काही भागांत ही घसरण 20 मीटरच्याही पुढे गेली. ती सारखीही नसते. एका गल्लीचं एक टोक खाली जातं, दुसरं जागेवर राहतं. भिंतींना तडे जातात ते दिसतात, पण खरा अनर्थ पाण्याचा होतो. ज्या नदीला मुळातच उतार नव्हता तिच्या पात्रात खड्डे पडले. पाणी तुंबलं. आणि ते आता नुसतं पाणी नव्हतं. खाणींचं खारट पाणी, कोळसा धुतलेला काळा गाळ, कोक भट्ट्यांचं फिनॉल आणि लाखो माणसांचा मैला, सगळं याच नदीत. तळघरांत ते शिरतं, विहिरींत उतरतं. टायफॉइड, कॉलरा आणि हिवताप या वस्त्यांना सवयीचे होतात.

14 डिसेंबर 1899 रोजी नदीकाठची शहरं, खाणमालक आणि कारखानदार एकत्र बसून एम्शर सहकारी संघ स्थापन करतात. जर्मनीतला हा अशा प्रकारचा पहिला जलसंघ. नियम साधा: जो घाण करतो किंवा ज्याला कामाचा फायदा होतो त्याने वर्गणी द्यायची, आणि ती टाळता येत नाही. सव्वाशे वर्षांनंतरही हा संघ काम करतो आहे. माझ्या मते एम्शरच्या गोष्टीतला हा सगळ्यात कमी सांगितला गेलेला आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. झाडं पुष्कळ पुढे लागली. आधी एक खातं उघडलं गेलं आणि त्यात पैसे भरणारे ठरले.

1906 पासून अभियंते कामाला लागतात. सांडपाण्यासाठी भुयारी गटार बांधावं हे त्यांनाही कळत होतं. पण सतत खचणाऱ्या जमिनीत पुरलेली वाहिनी वर्षा-दोन वर्षांत फुटणार आणि फुटलेली कुठे आहे ते सापडणारही नाही. म्हणून त्यांनी नदीलाच उघडं गटार केलं. वळणं कापून सरळ रेषा काढली, तळाला काँक्रीटच्या फरशा बसवल्या, दोन्ही बाजूंना उंच बांध घातले. जमीन खाली गेली की बांध वर चढवायचा. ऱ्हाइनला मिळायचं ठिकाणही दोनदा उत्तरेकडे सरकवावं लागलं, कारण मुखाकडची जमीनसुद्धा बसत होती.

आता 1935 मध्ये वर बघा. होय, वर. नदी तुमच्या डोक्याच्या उंचीवरून, बांधांच्या मधून वाहते आहे आणि तुम्ही खाली, एका ताटलीच्या तळाशी उभे आहात. तुमच्या वस्तीतलं पाणी नदीत जायचं तर ते पंपाने उचलून टाकावं लागतं. कुंपणाला धोक्याची पाटी आहे: आत पडलेलं पोर त्या निसरड्या काँक्रीटवरून बाहेर येऊ शकत नाही. उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर काजळी बसते. तीन पाळ्यांचे भोंगे, कोक भट्टीतून रात्री पडणारा तांबडा उजेड, आणि नदी काळी. पिढ्यान् पिढ्या मुलं हेच बघत वाढली, आणि नदी म्हणजे लांब राहण्याची गोष्ट असं शिकली.

या सगळ्या काळात एक शहाणपणाचं कामही झालं. 1920 मध्ये रूर कोळसा प्रदेशाच्या वसाहतींसाठी एक नियोजन संघ स्थापन झाला. त्याचा पहिला संचालक रॉबर्ट श्मिट. शहरं एकमेकांत मिसळून एकच धुराचा पट्टा होऊ नये म्हणून त्याने मध्ये उत्तर-दक्षिण हिरवे पट्टे राखण्याचा आग्रह धरला. शेतं, ओढ्यांचे काठ, रानाचे तुकडे. कोळशाच्या भर मोसमात, जेव्हा प्रत्येक एकराला मोल होतं, तेव्हा काही जमीन मोकळी ठेवा असं सांगणारा माणूस लोकांना कसा वाटला असेल? पण पट्टे राहिले, अर्धेमुर्धे का होईना.

1957 मध्ये पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांच्या आसपास माणसं कामाला होती. पुढच्याच वर्षी स्वस्त तेलाने आणि परदेशी कोळशाने बाजार बसला. 1961 मध्ये चॅन्सेलरपदाचे उमेदवार विली ब्रांट निवडणुकीच्या प्रचारात म्हणाले की रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे, तेव्हा लोक हसले. मग एकेक खाण बंद होत गेली. 23 डिसेंबर 1986 रोजी तुमच्यापासून फार लांब नसलेल्या एसेनच्या त्सोलफेराइन खाणीत शेवटची पाळी वर आली. 1932 पासून दिवसाला 12,000 टन कोळसा वर काढणारी, फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर यांनी बांधलेली ही खाण जगातली सगळ्यात देखणी खाण मानली जायची. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. नवऱ्याची पाळी, मुलांची शाळा, बेकरीची वेळ, सगळं ज्या भोंग्यावर चालायचं तो गप्प झाल्यावर घरातल्या बाईला सकाळी किती वाजता उठायचं हे कोण सांगणार?

रुळांच्या खडीतून बर्चची रोपं मात्र न विचारता उगवू लागली.

1989. आता गती कमी करा. राज्य सरकारने दहा वर्षांसाठी एक आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन जाहीर केलं आहे, नाव एम्शर पार्क. प्रदर्शन म्हणजे मंडप नव्हे, 17 शहरं आणि सुमारे 800 चौरस किलोमीटरचा मुलूखच प्रदर्शनाची जागा. प्रमुख कार्ल गान्झर. त्यांच्यासमोरचा प्रश्न कोरडा होता. हजारो एकर जमीन पडून आहे, तिच्यात डांबर आणि जड धातू मुरले आहेत, शेजारून उघडं गटार वाहतं आहे. अशा ठिकाणी नवा उद्योग कोण आणणार? नेहमीचं उत्तर होतं की सगळं पाडा, सपाट करा, औद्योगिक वसाहतीची पाटी लावा आणि वाट बघा. गान्झर यांनी क्रम उलटा केला. आधी भूदृश्य दुरुस्त करा. श्मिटच्या जुन्या हिरव्या पट्ट्यांना पूर्व-पश्चिम असा एम्शरकाठचा पट्टा जोडा, मोडके तुकडे एकमेकांना शिवा. घरं, दुकानं, उद्योग त्याच्यानंतर येतील. अशी सुमारे 120 कामं हाती घेतली गेली.

होर्स्टच्या काठावरून जरा पश्चिमेकडे नजर लावा, डुइसबुर्गच्या माइडरिख भागाकडे. 1985 मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, शेजारच्या कोळसा खाणीची आणि कोक भट्टीची जागा, मिळून जवळजवळ 180 हेक्टर. भूदृश्यकार पेटर लाट्झ यांनी त्यातलं जवळपास काहीच पाडलं नाही. झोतभट्टी तशीच ठेवली, लोक तिच्यावर चढून शहर बघतात. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या कोठारांत भिंतीआड बागा केल्या. गॅसच्या टाकीत पाणी भरलं, तिथे पाणबुडे सराव करतात. सगळ्यात विषारी माती हलवली नाही, बंद कोठारांत गाडून टाकली. पण मला जे काम सगळ्यात जास्त पटतं ते पाण्याचं आहे. एम्शरची जुनी शाखा या आवारातून गटार होऊन जात होती. सांडपाणी खाली बंद वाहिनीत घातलं, आणि वरच्या पात्रात छपरांवरचं, फरशांवरचं पावसाचं पाणी आणून सोडलं. पवनचक्की ते पाणी उचलते, खेळवते, त्याच्यात हवा मिसळते. म्हणजे बाग दिसायला छान आहे, आणि ती कामही करते. हिरव्या पायाभूत सुविधा म्हणतात त्या याच. रस्ता आणि वीज जशी लागते तसं पाणी मुरवणारं, पूर थोपवणारं, उन्हाळ्यात गारवा देणारं रान लागतं, आणि त्याचा आराखडा, देखभाल, खर्च रस्त्याइतकाच गंभीरपणे धरावा लागतो.

गेल्सेनकिर्शेनच्याच राइनएल्बे खाणीच्या जागेवर तर कुणी झाडं लावलीच नाहीत. आपोआप उगवलेलं बर्चचं रान तसंच राखलं, त्याला वनाधिकारी नेमला, मुलांना आत येऊ दिलं. काळ्या दगडाच्या ढिगाऱ्यांवर ऊन साठतं, पावसाची तळी दोन-चार आठवडेच टिकतात. अशा जागा आवडणारा एक बेडूक, निळ्या पंखांचा नाकतोडा, चीनमधून आलेलं बडलिया या सगळ्यांनी तिथे घर केलं. बोट्रोपला खाणीच्या ढिगाऱ्यावर 1995 मध्ये 60 मीटर बाजूंचा पोलादी चतुष्फलक उभारला गेला, लोक संध्याकाळी त्याच्यावर चढतात. गेल्सेनकिर्शेनकडून बोखुमला खनिज नेणारा रूळमार्ग सायकलचा रस्ता झाला. आणि तुमच्या पाठीमागचं नॉर्डस्टर्न? 1993 मध्ये ते बंद पडलं, 1997 मध्ये त्याच आवारात बागांचं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. चार वर्षांत खाणीची बाग.

तरीही समोरची नदी 1997 मध्ये काळीच आहे. नाक दाबूनच उभे आहात तुम्ही.

का, ते पाहा. खाणी उत्तरेकडे सरकल्या आणि एम्शरखालची जमीन शांत झाली, तेव्हाच भुयारी वाहिनी टाकणं शक्य झालं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नदी बदलण्याचा निर्णय झाला आणि काम 1992 पासून सुरू झालं. आधी डॉर्टमुंड, बोट्रोप अशी शुद्धीकरण केंद्रं. मग डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत 51 किलोमीटर लांबीची, काही ठिकाणी 40 मीटर खोल जाणारी मुख्य वाहिनी. मग ओढे, एकेक करून. काँक्रीट उचकटायचं, काठ सैल करायचे, वळणं परत द्यायची. मुख्य नदीची पाळी शेवटी. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात, वेळ 30 वर्षं. या मधल्या काळात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. जमिनीखालचं काम निवडणुकीच्या भाषणात दिसत नाही. ते चालू राहिलं, कारण पैसे भरणारा संघ 1899 पासून जागेवर होता.

2005 मध्ये खोऱ्यातल्या शहरांनी आणखी एक करार केला: 15 वर्षांत 15 टक्के पावसाचं पाणी गटारांतून वेगळं काढायचं. शाळेच्या छपराचं पाणी मैदानाच्या कडेच्या खळग्यात, वाहनतळाचं पाणी गवताच्या चरात. बारीकसारीक, कंटाळवाणं वाटणारं काम. पण असल्याच कामांनी नदीला स्वच्छ पाणी मिळतं आणि गटार तुंबत नाही.

2021 च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी येणं थांबलं. पुढच्या वर्षी ऱ्हाइनला मिळण्याच्या जागी नवं मुख उघडलं. पूर्वी तिथे पाणी सुमारे सहा मीटर खाली कोसळायचं आणि ऱ्हाइनमधला मासा वर येऊच शकत नव्हता. आता तिथे पसरट पूरमैदान आहे. बोट्रोपजवळच्या बॉये ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे गटार पोहोचलं नव्हतं, तिथे एक छोटा तळाशी राहणारा मासा, एम्शरचा ग्रोपे, सगळ्या कोळसायुगात तग धरून होता. स्वच्छ झालेल्या ओढ्यांमध्ये त्याला पुन्हा सोडण्यात आलं. मला या माशाबद्दल अतोनात आदर वाटतो. आणि त्याहून जास्त कृतज्ञता वाटते ती ओढ्याच्या त्या तुकड्याबद्दल, जो कुणाच्या तरी नजरचुकीने वाचला. जे वाचलं असेल ते आधी शोधून राखायचं असतं, कारण मागाहून बी तिथूनच मिळतं.

आता सोयीचं नसलेलंही बघा. गेल्सेनकिर्शेन आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांपैकी एक आहे. खाणीने जितक्या माणसांना पोसलं तितक्यांना बाग पोसत नाही. डॉर्टमुंडला जुन्या पोलाद कारखान्याच्या जागी 24 हेक्टरचं फिनिक्स तळं झालं, पुराचं पाणीही ते सामावून घेतं. पण काठावर महागडी घरं उठली आणि जुन्या कामगाराला तिथे फक्त फिरायला जाता येतं. आणि पंप? ते चालूच आहेत. खचलेली जमीन वर येत नाही. उपसा थांबवला तर रूरचे मोठमोठे भाग पाण्याखाली जातील. 21 डिसेंबर 2018 रोजी बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल ही शेवटची खाण बंद झाली, तेव्हा तिथून वर आलेला अखेरचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला गेला. त्याच्या अकरा वर्षं आधी, 2007 मध्ये, एक प्रतिष्ठान स्थापून उपशाचा कायमचा खर्च कोण उचलणार हे ठरवलं गेलं होतं. कायमचा म्हणजे खरोखर कायमचा, अंतिम तारीख नसलेला.

जागेवरून हलायची वेळ आता आली आहे. तुम्हाला चंद्रपूरला नेतो.

वर्धा खोऱ्यातला कोळसा बराचसा खुल्या खाणींतून निघतो. म्हणून इथे जमीन खचण्यापेक्षा उलटी होते: खोल खड्डा आणि शेजारी माती-दगडाचा डोंगर. इरई नदीच्या काठाने असे ढिगारे उभे आहेत, त्यांनी पात्र आवळल्याची आणि पुराचं पाणी वस्तीत शिरल्याची तक्रार चंद्रपूरकर वर्षानुवर्षं करत आले आहेत. भूमिगत खाणीही आहेत. घुग्घुसमध्ये 2022 च्या ऑगस्टमध्ये जुन्या खाणीवरच्या वस्तीतलं एक राहतं घर जमिनीत गडप झालं, आणि आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावं लागलं. दुर्गापूरकडे जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली, तिच्यात बिबटे आणि वाघ वस्तीला आले आणि माणसं मारली गेली. उपग्रहाच्या चित्रात तो ढिगारा हिरवाच दिसतो. ताडोबाच्या बाजूच्या या मुलखात वाघाला वाट कुठून द्यायची, पाणी कुठे द्यायचं आणि माणसाची पायवाट कुठून काढायची, हे न ठरवता आलेली हिरवळ कुणाच्याच कामाची नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2009 पासून कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाणीला खाणबंदीचा आराखडा करावा लागतो आणि खाण चालू असतानाच दरवर्षी वेगळ्या एस्क्रो खात्यात रक्कम ठेवावी लागते. म्हणजे आपल्याकडेही खातं उघडलेलं आहे. पण तो आराखडा खाणीशेजारच्या गावाने वाचलेला असतो का? त्यात किती रोपं लावणार याचा आकडा असतो. खड्ड्यातल्या पाण्याची मालकी, ढिगाऱ्यावरून उतरणाऱ्या ओढ्याची वाट, गुरांची चराई, तीस वर्षांनी पंपाचं बिल भरणारा, हे प्रश्न आपणच विचारायला हवेत.

तुमचं गाव घुग्घुस, वणी, माजरी, बल्लारपूर किंवा उमरेडच्या बाजूला असेल तर खाण बंद होण्याची वाट बघू नका. सार्वजनिक क्षेत्रातल्या खाणीचा आराखडा माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो मागा, मराठीत मागा, आणि कोळसा निघत असतानाच ग्रामसभेत वाचून घ्या. खाण बंद झाल्यावर ज्याच्याकडे मागायचा तो अधिकारी बदलीवर गेलेला असतो.